किमो चालू असताना थकवा कमी करायला घरच्या घरी वजनाचा व्यायाम

किमो सुरू झाली की भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगतो, काही करू नका, नुसतं पडून राहा. पण हा थकवा झोपून जातच नाही, रात्रभर झोपलं तरी सकाळी अंगात जीव नसतो, आणि दिवसेंदिवस पडून राहिलं की मांड्या-दंड उतरतात, त्यात उलटी होऊ नये म्हणून दिलेलं डेक्सासारखं (डेक्सामेथासोन) स्टिरॉइड जास्त दिवस चाललं तर स्नायू अजूनच ढिले पडतात, मग बाथरूमपर्यंत जायलाही धाप लागते आणि माणूस आणखी पडून राहतो. चालणं चांगलंच आहे, पण जोडीला थोडं वजन हवं.

आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताजा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींचा रिपोर्ट बघा. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर त्या थकव्याचं कारण वेगळं आहे, त्याचा इलाज आधी. प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५० हजारांच्या खाली असतील तर वजन बाजूला ठेवायचं. कॅन्सर हाडात पसरला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल किंवा स्टोमा (शौच-लघवीसाठी पोटावर केलेलं तोंड) असेल तर यूट्यूब बघून काहीही करू नका, फिजिओकडूनच शिका. हाताला पिक लाइन (औषध देण्यासाठी दंडातून शिरेत घातलेली नळी) असेल तर त्या हाताने काय चालेल तेही विचारून घ्या.

किती करायचं? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ मध्ये तज्ज्ञांनी जो सल्ला दिला त्यात थकव्यासाठी आठवड्यातून २ दिवस, प्रत्येक व्यायामाचे २ सेट, सेटमध्ये १२ ते १५ वेळा असं आहे. पहिल्याच दिवशी एवढं जमणार नाही, ५ वेळा जमलं तरी पुष्कळ, फरक कळायला दोन-तीन महिने जातात.

सगळ्यात कामाचा व्यायाम खुर्चीचा. हलकी प्लास्टिकची खुर्ची नको, ती सरकते, लाकडी घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला बसा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, थोडं पुढे वाकून श्वास सोडत उठा, आणि बसताना मात्र धपकन बसू नका, मनात तीन मोजत सावकाश खाली या, खरी मेहनत या खाली येण्यातच आहे. हात न टेकता उठता येत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकवून पुशअप, आणि एक हात टेबलावर ठेवून दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली कमरेकडे ओढणं. लिटरची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो, डंबेल आणायची गरज नाही. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, दम कोंडून जोर लावायचा नाही.

पॅक्लिटॅक्सेल किंवा ऑक्सॅलिप्लॅटिन या किमोच्या औषधांनी तळपाय बधिर झाले असतील तर उभ्याने जे काही कराल ते आधार धरूनच, आणि घरात कोणीतरी असताना.

किमोनंतरचे दोन-चार दिवस वाईट जातात, तेव्हा एकच सेट, तोही खुर्चीचा, बास. पांढऱ्या पेशी कमी असतात त्या दिवसांत जिमच्या गर्दीत जाऊ नका. ताप १००.४ च्या वर गेला तर व्यायाम सोडा आणि लगेच हॉस्पिटलला फोन लावा, घरी पॅरासिटामॉल घेऊन वाट बघत बसू नका. छातीत दुखलं, चक्कर आली, हाडात नवीन दुखणं सुरू झालं तरी थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

खाण्यात प्रोटीन नसेल तर स्नायू बनणार कशाचे? अंडी, पनीर, मुगाचं धिरडं, दही, जे पोटात टिकेल ते थोडं थोडं.

ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशननंतर त्या बाजूच्या हाताने पिशवीसुद्धा उचलू नका, हात सुजेल, असं अजूनही सांगतात. पण २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात हाताला आधीच सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवलं तरी सूज वाढली नाही. म्हणून जखम भरली आणि सर्जनने हो म्हटलं की अर्ध्या लिटरच्या बाटलीपासून सुरू करा, स्लीव्ह (सुजेसाठी हातावर घालायची घट्ट बाही) दिली असेल तर घालून, आणि हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली तर थांबून फिजिओला दाखवा.