वेक्टरमध्ये खरेपणा आणायचाय? फिल्टरच्या या चुका टाळा

चवथ जवळ आली, शिगम्याचे दिवस आले किंवा देवळाच्या जत्रेत नाटक लागलं, की फोंड्यापासून पेडण्यापर्यंत फ्लेक्सची कामं निघतात आणि माझ्याकडे त्याच त्या बिघडलेल्या फायली यायला लागतात. सोनेरी अक्षरांभोवती चौकोनात कापलेली चमक, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीच्या जागी लालसर धुकं, एकाच पानावर तीन दिशांना पडलेल्या सावल्या. इंकस्केप (रेघा-आकारांची, म्हणजे वेक्टर चित्रं काढायचा प्रोग्राम) शिकणाऱ्या आपल्या मुलांचा हात चांगला आहे, घाई मात्र फार. मेनू उघडायचा, तयार फिल्टर (आकारावर चमक, सावली, खरखर आणणारा परिणाम) लावायचा, नाही आवडला तर त्याच्यावर दुसरा चढवायचा. उजेड कुठून येतो, वस्तू कशाची आहे आणि छापून किती मोठी होणार, या तीन गोष्टी ठरवल्याशिवाय लावलेला फिल्टर खरा दिसूच शकत नाही.

छापील आकार न विचारता काम सुरू करणं

ही चूक सगळ्यात महाग पडते, म्हणून आधी तीच. वेक्टरची रेघ कितीही मोठी केली तरी धारदार राहते, हे पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. फिल्टरला मात्र ते लागू नाही. ब्लर, खरखर, उजेड हे सगळं पिक्सेलमध्ये मोजलं जातं. पीडीएफमध्ये एसव्हीजीचे, म्हणजे इंकस्केपच्या मूळ फाईलचे, फिल्टर जसेच्या तसे जात नाहीत, त्यामुळे फाईल बनवताना इंकस्केप फिल्टर लावलेल्या भागाचं चित्र करून टाकतं. ते चित्र किती बारीक करायचं हे समोर येणाऱ्या खिडकीतला एक आकडा ठरवतो, आणि तिथे आधीपासून ९६ डीपीआय (इंचाला ९६ पिक्सेल) लिहिलेलं असतं.

फोंड्याकडच्या एका जत्रेतल्या नाटकाचा बॅनर होता, १२ फूट बाय ६ फूट. करणाऱ्या मुलाने पान १२ इंच बाय ६ इंच घेतलं, म्हणजे फुटाला एक इंच. यात काहीच गैर नाही. नाटकाच्या नावाला त्याने सोन्याचा फिल्टर लावला, तोही मेहनतीने, नीट. पीडीएफ करताना मात्र खिडकीतलं काही न वाचता ओके केलं. हिशेब बघा: १२ इंचांना ९६ प्रमाणे १,१५२ पिक्सेल झाले. तेच १२ फुटांवर ताणल्यावर इंचाला उरले ८, म्हणजे एकेक पिक्सेल तीन मिलिमीटरहून मोठा. बॅनर छापून आला तेव्हा देवळाचं नाव, तारीख, कलाकारांची नावं अगदी कोरल्यासारखी होती, कारण त्यांना फिल्टर नव्हता. नाटकाचं नाव तेवढं पायऱ्यापायऱ्यांचं. मुलगा रडवेला होऊन आला. “काका, स्क्रीनवर तर झक्क दिसत होतं.” स्क्रीनवर दिसणारच, स्क्रीन काही १२ फुटांची नाही. अख्खा बॅनर पुन्हा छापायला मंडळाकडे पैसेही नव्हते आणि वेळही. शेवटी त्याच फाईलमधून नावाची पट्टी योग्य रिझोल्युशनने काढली, तेवढीच छापून घेतली आणि मूळ बॅनरवर चिकटवली. शिवण जवळून दिसत होती.

माझी सवय अशी की नवं पान उघडण्याआधी छापील आकार कागदावर लिहायचा. लांबून बघायच्या फ्लेक्सला प्रत्यक्ष आकारात इंचाला ७२ पिक्सेल मला पुरेसे वाटतात. म्हणजे वरच्या पानाला १२ पट, ८६४ डीपीआय. एवढं चित्र तयार व्हायला संगणक वेळ घेतो. घेऊ द्या. त्या वेळात काही मुलं प्रोग्राम अडकला म्हणून बंद करतात आणि पुन्हा ९६ वर येतात, ते मला अजिबात पटत नाही. आणि छापायला देण्याआधी तयार पीडीएफ उघडून एकच अक्षर प्रत्यक्ष आकाराएवढं मोठं करून बघा.

उजेडाला उंची न देणं

सोनं, पितळ, ओलं रंगकाम, यांच्या चमकेसाठी स्पेक्युलर लाइटिंग हा फिल्टरचा भाग वापरतात. ते वस्तूचा उंचसखलपणा तिच्या अल्फावरून, म्हणजे पारदर्शकतेवरून ओळखतं. सपाट रंगाच्या अक्षराचा अल्फा आत सगळीकडे पूर्ण, बाहेर शून्य. उतारच नाही, तर उजेड चमकणार कुठे? मग कडेला एक दातेरी पांढरी रेघ येते आणि मुलं आकडे वाढवत बसतात. आधी सोर्स अल्फाला, म्हणजे अक्षराच्या मूळ अल्फाला, गॉसियन ब्लर (कडा पुसट करणं) द्या आणि लाइटिंग त्या ब्लरला जोडा. ब्लर जितका जास्त, तितकी अक्षराची कड रुंद आणि गोलसर.

त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. मिळालेली चमक कंपोझिटमध्ये (दोन थर जोडणारा भाग) ‘इन’ लावून सोर्स अल्फाने कापायची, नाहीतर ती अक्षराबाहेर सांडते. मग दुसरा कंपोझिट अरिथमॅटिक (बेरजेचा प्रकार) ठेवून के२ आणि के३, म्हणजे दोन थरांचं प्रमाण, दोन्ही १ करायचे, की मूळ रंगावर चमक मिळवली जाते. डिफ्यूज लाइटिंगमध्ये (चमक नसलेला पसरट उजेड) तर कापणं सोडून चालतच नाही, कारण त्याचा निकाल पूर्ण अपारदर्शक असतो. अक्षराभोवती राखाडी पाटी दिसते ती त्यामुळेच.

दिशेचा गोंधळ वेगळा. एसव्हीजीमध्ये खाली जाताना वाय, म्हणजे उभ्या अंतराचा आकडा, वाढतो. त्यामुळे अझिमथ (उजेडाच्या दिशेचा कोन) ९० ठेवला की उजेड खालून येतो आणि फुगलेली अक्षरं आत दाबल्यासारखी दिसतात. वरून डावीकडून उजेड हवा तर २२५.

चमकेचा रंग सरसकट पांढरा ठेवू नका. घरातली समई उजेडात धरून बघा, पितळेवरची चमक पिवळीच असते, कारण धातू परतणाऱ्या उजेडाला आपला रंग देतो. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये घरांवर अझुलेजु या पोर्तुगीज धाटणीच्या चकचकीत फरश्यांच्या पाट्या आहेत. त्यांच्या निळ्या रेघेवरही चमक पांढरी पडते, कारण ती वरच्या काचेसारख्या थराची असते. लाइटिंगच्या रंगाचा चौकोन एकदा बदलायचा, एवढंच काम.

चिरा म्हणजे लाल खरखर नव्हे

गोव्यातल्या प्रत्येक दुसऱ्या डिझाइनमध्ये चिऱ्याची भिंत लागते आणि बहुतेकांची भिंत गाजराच्या हलव्यासारखी होते. टर्ब्युलन्स (आपोआप खरखर तयार करणारा भाग) एकदाच लावायचा, वर लाल रंग ओतायचा, झालं. आधी खरी भिंत बघा. चिऱ्यातला लोहाचा अंश त्याला तांबूस करतो, पण एकाच दगडात पिवळट आणि जांभळट डागही असतात. खळगे वेगवेगळ्या मापाचे, कडा तुटक. खाणीतून नुकता कापलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. आग्वाद किल्ल्याचा १६१२ सालचा तट आणि कालच रचलेलं कुंपण एका फिल्टरने दाखवता येणार नाही, कारण जुन्या चिऱ्यावर पावसाळ्यांची काळी पुटं चढलेली असतात.

म्हणून मी दोन टर्ब्युलन्स वेगळे ठेवतो. पहिला बेस फ्रिक्वेन्सी (खरखर किती दाट ते) ०.०१ च्या आसपास, रंगाच्या मोठ्या डागांसाठी. दुसरा ०.०८ च्या आसपास, खळग्यांसाठी. दुसऱ्याला कलर मॅट्रिक्समधून (रंग आणि अल्फाचे आकडे बदलणारा भाग) नेऊन अल्फाच्या ओळीत ० ० ० १२ -७ असे आकडे दिले की पसरट धुक्याचे सुटे ठिपके होतात. त्यांना अगदी थोडा ब्लर, मग डिफ्यूज लाइटिंग. ठिपके फुगलेले दिसले तर सरफेस स्केल (उंचीचं प्रमाण) उणे करा, ते खळगे होतील. सीड, म्हणजे खरखरीची नक्षी ठरवणारा आकडा, प्रत्येक दगडाला वेगळा द्या. एकच खळगा दर चिऱ्यावर त्याच जागी दिसला की भिंत लगेच खोटी ठरते.

लाकडाच्या रेषांसाठी बेस फ्रिक्वेन्सीला दोन आकडे देता येतात, आडवा आणि उभा. ०.०१ आणि ०.२ दिले की आडव्या लांब रेषा येतात. हे माहीत नसलेले लोक खरखर हाताने ताणत बसतात.

उरलेल्या चुका

सावली काळी कुळकुळीत, एकाच जाडीची नको. वस्तूला चिकटून छोटी गडद आणि तिच्या मागे मोठी फिकी, अशा दोन द्या. एप्रिलच्या दुपारचं चित्र असेल तर कडा स्पष्ट, आषाढातलं असेल तर जवळपास सावली नाहीच.

सावली सरळ रेषेत कापली गेली, तर फिल्टरचं क्षेत्र अपुरं आहे. ठरलेलं क्षेत्र वस्तूच्या चौकटीबाहेर चारही बाजूंनी १० टक्केच असतं. वाढवा.

अगदी आडवी किंवा उभी सरळ रेघ फिल्टर लावल्यावर ब्राउझरमध्ये गायब होते. तिच्या चौकटीची उंची किंवा रुंदी शून्य असते आणि क्षेत्र तिच्या टक्क्यांत मोजतात. रेघेऐवजी बारीक आयत काढा.

जुन्या पाटीची झिजलेली कड दाखवताना डिस्प्लेसमेंट मॅपला (कड वेडीवाकडी सरकवणारा भाग) खरखरीचा फ्रॅक्टल नॉइज हा प्रकार जोडा. टर्ब्युलन्स हाच प्रकार ठेवला तर किमती मध्याच्या खाली राहतात आणि अख्खं अक्षर एका बाजूला सरकतं.

हाताने लिहिलेला फिल्टर इंकस्केपमधल्यापेक्षा उजळ दिसतो, कारण काही लिहिलं नाही तर रंगांचा हिशेब लिनिअर आरजीबी या वेगळ्या पद्धतीने होतो. इंकस्केप वापरतं ती एसआरजीबी पद्धत स्पष्ट लिहा.

काम जड झालं तर डिस्प्ले मोडमध्ये ‘नो फिल्टर्स’ ठेवून मांडणी पुरी करा. बारीक स्क्रीनशॉट काढून तोच छापायला देणारेही भेटतात. असं करू नका.

आणि वस्तूची नक्कल केली की दोघींचा फिल्टर एकच राहतो. एकीची सावली हलकी करायला जाल आणि सगळ्या पानावरच्या बदलतील. फिल्टर एडिटरमध्ये आधी फिल्टरचीच डुप्लिकेट काढा, तिला नाव द्या, मग आकड्यांना हात लावा.