‘औषध’ मारताना: मुंबईच्या घरांत कीटकनाशक कसे हाताळावे

झुरळांवर, ढेकणांवर किंवा वाळवीवर जे मारले जाते त्याला आपल्याकडे कोणी विष म्हणत नाही. ‘औषध मारून घेतले’ असेच म्हणतात. या एका शब्दाने बाटलीची धास्ती निम्मी होते आणि ती खोकल्याच्या औषधाशेजारी, क्वचित त्याच फडताळात जाऊन बसते. मुंबईत याला आणखी एक गोष्ट जोडली जाते, ती म्हणजे येथे घराला स्वतःची वेगळी हवा नसते. जुन्या चाळीतील दोन खोल्यांमधले लाकडी पार्टिशन पुष्कळदा छतापर्यंत गेलेले नसते, इमारतीत न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक नीट बुजवण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते आपल्या घराइतकेच शेजारच्या घराचाही विचार करून लिहिले आहे.

विकत घेताना

बाटली हातात घेतली की लेबलावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन दिसतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या अर्ध्या भागात सूचना. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा सौम्य विषारी, अशी ही उतरंड आहे. लाल रंगाबरोबर कवटी आणि हाडांचे चिन्हही असते. हे रंग कीटकनाशक नियम, १९७१ अन्वये ठरलेले आहेत. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी दगावण्यास तोंडावाटे दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम पुरते, यावर ते बेतलेले आहेत: लाल रंगासाठी १ ते ५०, पिवळ्यासाठी ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५००० आणि त्यापुढे हिरवा. राहत्या घरात निळ्याच्या वरचा रंग येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिरवा रंग दिसला म्हणून बंद खोलीत डबा रिकामा करावा, असाही त्याचा अर्थ नाही.

लेबल नसलेली पुडी, पाण्याच्या बाटलीत भरून दिलेले सुटे औषध आणि लोकलच्या डब्यात विकला जाणारा झुरळांचा खडू हे तिन्ही घेऊ नयेत, कारण त्यांत काय आहे हे अपघाताच्या वेळी डॉक्टरांना सांगता येत नाही. ढेकणांसाठी मुंबईत वर्षानुवर्षे वापरले गेलेले डायक्लोरव्हॉस देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. ‘जुना माल आहे, एकदम कडक आहे’ असे सांगून कोणी ते पुढे केले, तर तो कडकपणा नेमका कशासाठी नाकारला गेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांविषयी मात्र थोडे थांबून सांगणे भाग आहे. या गोळ्या गोदामातील धान्यासाठी आहेत. सरकारी यंत्रणा आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाले यांच्यापलीकडे त्यांची विक्री करता येत नाही. तरीही ‘धान्यात ठेवायची गोळी’ या भोळ्या नावाने त्या घरात येतात, आणि कोणी तर ढेकूण जावेत म्हणून गादीखाली ठेवून दार लावून गावी निघून जातो. हवेतील दमटपणा लागला की गोळीतून फॉस्फिन वायू सुटू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. मुंबईच्या हवेत दमटपणाला तोटा नाही. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असतो आणि दाराखालच्या फटीतून, डक्टमधून, पार्टिशनच्या भेगांतून शेजारच्या झोपलेल्या घरात उतरतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो खरा, पण वास येईल तेव्हा बाहेर पडू, असा हिशेब करू नये. त्यावर उतारा म्हणून देता येईल असे औषध वैद्यकशास्त्राकडे नाही. राहत्या इमारतीत ही गोळी वापरण्याची कोणतीही सुरक्षित पद्धत नाही, त्यामुळे येथे ती पद्धत सांगितलेलीही नाही.

फवारण्याऐवजी काय चालेल

झुरळांसाठी फवारणीपेक्षा जेल बरे. ०.०५ टक्के फिप्रोनिल किंवा २.१५ टक्के इमिडाक्लोप्रिड असलेली जेलची सुई बाजारात मिळते. तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके ट्रॉलीच्या बिजागरीमागे, सिंकखालच्या पाइपाच्या वळणाशी, फ्रिजच्या मोटरजवळच्या कोपऱ्यात आणि गॅसच्या ओट्याखालच्या फटीत द्यावेत. ओट्यावर, डब्यांच्या झाकणांवर किंवा मुलाचा हात पोहोचेल तेथे देऊ नयेत. जेल लावलेल्या जागी त्याच आठवड्यात स्प्रे मारणारे पुष्कळ जण असतात. स्प्रेच्या वासाने झुरळ जेलकडे फिरकत नाही, म्हणजे दोन्हींचे पैसे वाया जातात. ढेकणांसाठी गादीचे शिवणकाठ आणि पलंगाच्या खाचा यांवर आधी कडक वाफ फिरवावी, चादरी-अभ्रे उकळत्या पाण्यात टाकावेत आणि त्यानंतरही उरले तरच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवावे.

त्याला बोलावण्याआधी परवाना पाहण्यास मागावा. कीटकनाशक कायदा, १९६८ खाली असा परवाना लागतो. कोणते रसायन, किती टक्के आणि किती पाण्यात, हे बिलावर लिहून घ्यावे. ‘हर्बल आहे, काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही.

मोजणे आणि मिसळणे

सर्वांत मोठा धोका फवारताना असतो, असा समज आहे. वास्तविक तो बाटली उघडताना असतो, कारण पाण्यात मिसळण्याआधीचे मूळ द्रावण फवाऱ्याच्या पंपातील द्रावणाच्या अनेक पट तीव्र असते. आमच्या सोसायटीत वाळवीचे काम करायला आलेला एक तरुण जिन्याच्या पायरीवर बसून उघड्या हाताने पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने औषध मोजत होता. झाकणाच्या कडेवरून ओघळलेले त्याने पँटला पुसले आणि नोझल तुंबल्यावर ते तोंडाने फुंकले. शेजारी लहान मुलांच्या सायकली उभ्या होत्या. काम थांबवून त्याला साबण आणि हातमोजे दिले तेव्हा तो ओशाळला. कंत्राटदाराने हातमोजे कधी दिलेच नव्हते. त्यानंतर सोसायटीच्या कामाच्या पत्रातच हातमोजे, गॉगल आणि मोजणीचा कप यांची अट आम्ही घातली.

मिसळण्याचे काम उघड्या गच्चीवर किंवा हवेशीर गॅलरीत करावे. हातमोजे नायट्राइलचे असावेत. सुती किंवा चामड्याचे हातमोजे औषध शोषून घेतात आणि ते तासन्‌तास त्वचेला चिकटवून ठेवतात. साधा कापडी मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. मोजणीचा कप फक्त त्याच कामासाठी ठेवावा. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेले टोपण मुळीच वापरू नये. आधी पंपात अर्धे पाणी, मग मोजलेले औषध, मग उरलेले पाणी, असा क्रम ठेवावा आणि ढवळण्यास काठी घ्यावी. लेबलावरील मात्रेपेक्षा ‘थोडे जास्त’ घातल्याने कीड अधिक मरत नाही. लादीवर विष मात्र अधिक उरते. तोंडात तंबाखू किंवा चहाचा कप हातात असताना हे काम करू नये, हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण लागते.

फवारताना

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. त्या वर्षी कापूस डोक्याएवढा वाढला होता, फवारा उंचावर धरावा लागत होता आणि त्याचे तुषार परत तोंडावर, घामेजल्या अंगावर येत होते. मुंबईत कापूस नाही, पण माळा आहे. स्टुलावर उभे राहून, मान वर करून माळ्याच्या फटीत फवारणाऱ्याच्या अंगावर तुषार अगदी तसेच येतात. म्हणून माळा आधी रिकामा करून शक्यतो शिडीवरून डोळ्यांच्या पातळीवर फवारावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट व गॉगल घालावा आणि घाम पुसण्यासाठी हातमोजा कपाळाला लावू नये.

गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा आणि देवघरातील निरांजन शांत करावे. स्प्रेच्या डब्यातील दाब देणारा वायू बहुधा एलपीजीच असतो. पायरेथ्रॉइड गटातील औषधे माशांना फार घातक असतात, त्यामुळे मत्स्यालयाचा एअरपंप बंद करून ते झाकावे किंवा दुसऱ्या घरी न्यावे. त्याच गटातील परमेथ्रिन मांजरांना मानवत नाही. शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगावे, म्हणजे ते डक्टकडची खिडकी बंद ठेवतील. ही सूचना शिष्टाचाराची वाटते, पण फवारणीइतकीच ती कामाचा भाग आहे.

गॅलरीतील जास्वंदीवर पिठ्या ढेकूण किंवा कढीपत्त्यावर मावा पडला असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी तेल पुरते. फवारायचे झाल्यास ते पहाटे करावे, कारण दिवस चढला की समुद्राकडून वारा सुटतो आणि आठव्या मजल्यावरचे तुषार खालच्या घराच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातात. तुळस आणि कढीपत्ता तोडून खाण्याच्या वस्तू आहेत. रासायनिक औषध मारलेच असेल तर लेबलावर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्यांना हात लावू नये.

काम संपल्यावर लेबलावर सांगितलेला वेळ घर बंद ठेवावे आणि मग सर्व खिडक्या उघडून, पंखे लावून, वास जाईपर्यंत आत झोपू नये. रांगणारे मूल असेल तर लादी साबणाच्या पाण्याने पुसल्याशिवाय त्याला खाली सोडू नये. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत.

ठेवणे आणि टाकणे

वन बीएचकेमध्ये जागा नसते, हे मान्य. तरी सिंकखालचे कपाट ही वाईट जागा आहे, कारण तेथे ओल असते, भांड्यांचा साबण असतो आणि मुलाचा हात पोहोचतो. उंचावरचे, कुलूप असलेले, अन्नधान्यापासून दूरचे छोटे कपाट हवे. औषध मूळ बाटलीतच असावे. सरबताच्या बाटलीत ओतलेले औषध कोणीतरी, कधीतरी पितोच. स्प्रेचे डबे गॅलरीतील उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नयेत. ५० अंश सेल्सिअसच्या पुढे ते फुटू शकतात. सोसायटीची औषधे तळमजल्याच्या मीटर-खोलीत ठेवण्याची प्रथा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा अशा कितीतरी तळखोल्या पाण्याखाली होत्या, हे आठवून ती किमान पहिल्या मजल्यावर न्यावीत.

रिकाम्या बाटलीत चौथा हिस्सा पाणी घालून, झाकण लावून, अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीनदा करावे. मग बाटलीला भोक पाडावे, म्हणजे ती भंगारातून पुन्हा भरली जात नाही. स्प्रेच्या डब्याला मात्र कधीही भोक पाडू नये. उरलेले औषध मोरीत किंवा संडासात ओतू नये. ते नाल्यातून खाडीत जाते. असे डबे म्हणजे घरगुती घातक कचरा, तेव्हा ते ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळ्या पिशवीत, वर स्पष्ट लिहून द्यावेत.

विषबाधा झाली तर

अंगावर सांडले तर कपडे काढून साबण-पाण्याने भरपूर धुवावे. डोळ्यांत गेले तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. श्वासातून गेले असेल तर माणसाला आधी मोकळ्या हवेत न्यावे. पोटात गेले असेल तर उलटी करवू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी यांपैकी काहीही पाजू नये. तोंडाला लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि स्नायूंचे फडफडणे ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे असतात आणि त्यावर अॅट्रोपिन हा उतारा वेळेत मिळणे महत्त्वाचे असते. १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, ओळखीच्या दवाखान्यात वेळ घालवू नये. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत न्यावी, ती सापडत नसेल तर विकत घेतानाच काढून ठेवलेला लेबलाचा फोटो दाखवावा. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी खाल्ल्याचा संशय असेल, तर टॅक्सीच्या चारही काचा खाली करून निघावे, कारण रुग्णाच्या उलटीतूनही तोच फॉस्फिन वायू सुटत असतो.