झिरो-टर्न मोअर घेताय? या चुका टाळा

रस्त्याला लागून असलेल्या वावरात घर बांधलं, समोर एकरभर हिरवळ लावली, की पहिल्याच पावसाळ्यात ब्रश कटर खांद्यावर घेऊन माणूस दमतो. मग मोबाइलवर व्हिडिओ दिसतो: झिरो-टर्न मोअर, म्हणजे बसून चालवायची गवत कापायची मशीन, हातात दोन दांडे, जागच्या जागी गरकन फिरते. जीव लागतो तिच्यावर. मशीन खरंच चांगली आहे, पण ती हिरवळीसाठी बनवलेली आहे, धुऱ्यासाठी नाही. लाखांतला पैसा पाण्यात जातो तो बहुधा एवढी गोष्ट न पाहिल्यामुळे.

म्हणून आधी गवत बघा. वाढलेला कुंदा, कमरेएवढं गाजरगवत, तरोटा हे झिरो-टर्नचं काम नव्हे. पाती डेकखाली, म्हणजे मशीनच्या पोटाखालच्या लोखंडी झाकणाखाली फिरतात आणि कापणीची उंची साधारण दीड ते साडेचार इंच ठेवता येते. त्याहून कितीतरी उंच, जाड गवत आत कोंबलं की बेल्ट घसरतो, इंजिन दबतं, आणि डेकखाली ओल्या गवताचा थर बसतो. तिथे ट्रॅक्टरला स्लॅशर लावा, नाहीतर ब्रश कटरच बरा. हरळी किंवा लॉन आठवड्या-दहा दिवसांनी कापणार असाल, तरच पुढचं वाचा.

काटोल-वरुडकडचे कास्तकार विचारतात, संत्र्याच्या बागेत चालेल का? झाडं सहा-सहा मीटरवर असतात, मधला पट्टा मोकळा दिसतो. पण ठिबकची नळी पात्यात गुंडाळली गेली की नळीही गेली आणि अर्धा दिवसही. वर झुकलेल्या फांद्या सीटमागच्या लोखंडी कमानीला अडकतात. माझं मत विचाराल तर बागेसाठी घेऊ नका.

सगळ्यात मोठी गफलत काळ्या मातीबद्दल होते. या मशीनला स्टिअरिंग नसतं. मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळा हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअर असतो. एक चाक पुढे, दुसरं मागे फिरलं की मशीन जागेवर वळते. पुढची चाकं नुसती मोकळी फिरतात. म्हणजे वळणं आणि थांबणं, दोन्ही मागच्या चाकांच्या पकडीवर. श्रावणातल्या चिकट मातीत तीच चाकं घसरली, तर अडीच-तीनशे किलोची मशीन तुमचं ऐकत नाही. सपाट जागी फार तर हिरवळीत खड्डा पडेल. शेततळ्याच्या भरावावर, विहिरीजवळ किंवा नाल्याच्या काठावर मात्र जिवावर बेतेल. कंपन्या साधारण 15 अंशांपर्यंतच उतार चालतो म्हणतात, काही मॉडेलला त्याहूनही कमी. 15 अंश म्हणजे दहा फुटांत जवळपास पावणेतीन फुटांचा उतार, आणि तोही कोरड्या जमिनीवर. पाण्याच्या काठचा पट्टा हातानेच कापा. मागची कमान उभी असेल तेव्हा सीट बेल्ट लावा, खाली पाडलेली असेल तर लावू नका, कारण मशीन उलटलीच तर बाहेर पडता आलं पाहिजे.

डेकच्या रुंदीचा मोह आवरा. 42 इंची डेक ताशी 8 किलोमीटरने चालवला, तर वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरूनही तासाला दीड एकराच्या आसपास होतं. घरच्या एकरभर जागेला 60 इंची कशाला? रुंद डेक उंचसखल जागी उंचवट्यावर घासतो आणि माती उघडी पाडतो. शिवाय गवत फेकायचं झाकण धरून रुंदी फूटभर वाढते. फाटक मोजून मगच दुकानात जा.

आता पेट्रोल. पंपावर मिळतं ते ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि अशा लहान इंजिनांच्या पुस्तिकेत बहुधा 10 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. वॉरंटीचं काय, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणखी एक: पाती, डेकचा बेल्ट, फिल्टर नागपूर-अमरावतीत तयार मिळतात की मागवावे लागतात, ते विचारा. जुलैत बेल्ट तुटला आणि तो महिनाभराने आला, तर तोवर गवत गुडघ्यावर गेलेलं असतं.

घेतल्यावरच्या तक्रारी बहुतेक साध्या निघतात. सुरूच होत नसेल तर बॅटरीला दोष देण्याआधी बघा: दांडे बाहेरच्या बाजूला आहेत का, पात्यांचं बटण बंद आहे का, ब्रेक लावलाय का. पाती चालू असताना सीटवरून उठलं की इंजिन बंद पडतं, तो बिघाड नाही, सुरक्षेसाठीच तसं केलंय. सरळ चालवताना एका बाजूला ओढत असेल, किंवा हिरवळ एकीकडे खोल कापली जात असेल, तर आधी टायरची हवा मोजा. त्यानंतरच दांड्यांची किंवा डेकची जुळवणी. गवताची टोकं कापल्यासारखी न दिसता फाटून पिवळी पडत असतील, तर पात्याला धार लावा. मुरूम असलेल्या आवारात धार लवकर जाते. इंजिन चालू आहे, पण मशीन हलत नाही? बंद मशीन ढकलण्यासाठी मागे बायपासचे दांडे असतात, ते कुणीतरी उघडे ठेवलेले असतात. तशा मशीनला दोर बांधून ट्रॅक्टरने ओढू नका, गिअर खराब होतो.

दिवाळीनंतर पाणी देऊन हिरवळ राखणार नसाल, तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा, स्पार्क प्लगची वायर काढून डेकखालचं वाळलेलं गवत खरवडा, आणि मशीन कुटाराच्या ढिगाजवळ ठेवू नका. तिथले उंदीर वायरी कुरतडतात.