शेतजमिनीवर हौशी रेडिओ केंद्र कसे उभारावे

हौशी रेडिओसाठी, म्हणजे स्वतःच्या संचावरून आवडीने इतरांशी बोलण्याच्या छंदासाठी, शहरातल्या माणसाला ज्या दोन गोष्टी पैसे मोजूनही मिळत नाहीत, त्या शेतात आपसूक मिळतात: मोकळी जागा आणि रेडिओलहरींच्या दृष्टीने शांतता. त्यांतली शांतता अधिक मोलाची आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.372 या शिफारशीत मानवनिर्मित रेडिओ-कोलाहलाचे जे आकडे दिले आहेत, त्यांनुसार शहरी आणि ग्रामीण परिसरातला फरक 9.6 डेसिबल, म्हणजे सुमारे 9 पट आहे. शेतात जो क्षीण आवाज स्पष्ट ऐकू येतो, तो शहरात तितकाच ऐकू यायचा तर समोरच्या केंद्राला 9 पट शक्तीने प्रसारण करावे लागेल. म्हणून शेतावर केंद्र उभारताना प्रत्येक निर्णयात आधी ही शांतता कशी टिकेल ते पाहावे आणि त्यासोबत शेतीच्या कामात अडथळा येणार नाही याची काळजी घ्यावी.

परवान्याची बाब सुरुवातीलाच स्पष्ट असलेली बरी. नुसते ऐकण्यासाठीचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण प्रसारणासाठी आपल्या देशाच्या दूरसंचार खात्याचा परवाना आणि त्यासोबत मिळणारे कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळख-नाव, लागते. ते परीक्षा दिल्यानंतर मिळते. परवान्यात केंद्राचा पत्ता नोंदवावा लागत असेल, तर शेताचा पत्ता त्यात यावा. जमीन दुसऱ्याच्या मालकीची असेल तर खांब रोवण्याची लेखी संमती घ्यावी. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी: आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हौशी रेडिओ सेवा ही आर्थिक हितसंबंधाशिवाय, केवळ वैयक्तिक आवडीने करायची सेवा आहे. त्यामुळे मालाचे भाव विचारणे, मजुरांना सूचना देणे किंवा वाहन मागवणे या धंद्याच्या कामांसाठी हा संच वापरता येत नाही.

आधी ऐकावे, मग खड्डा खणावा

जागा डोळ्यांनी निवडण्याआधी कानांनी निवडावी. बॅटरीवर चालणारा, शॉर्टवेव्ह पकडणारा छोटा रेडिओ घेऊन शेताच्या चारही कोपऱ्यांत फिरावे; सकाळी, दुपारी आणि अंधार पडल्यावर, अशा तीन वेळा फिरावे. सुमारे 7 मेगाहर्ट्झवर रिकामी जागा शोधून तिथला खरखराट ऐकावा आणि कुठे तो वाढतो, कुठे मावळतो ते कच्च्या नकाशावर टिपून घ्यावे. शेतात कोलाहलाचे उगम मोजके असतात आणि कानाला ते ओळखू येतात. विजेच्या तारांवरचा सैल झालेला भाग किंवा तडकलेला इन्सुलेटर सलग, खरबरीत गुणगुण करतो. ती कोरड्या हवेत वाढते आणि पाऊस पडला की बहुधा थांबते. पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) आणि सौर इन्व्हर्टर यांचा आवाज पंप चालू असताना किंवा ऊन असेपर्यंतच येतो, म्हणून रात्री मोजमाप करून निर्धास्त झालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी चक्रावतो.

झटका कुंपणाचा आवाज मात्र वेगळाच असतो: साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखी टिक. मी स्वतः कित्येक दिवस हा माझ्या संचातला दोष समजत होतो. शेवटी एका रात्री झटका मशीन बंद करताच टिक थांबली, आणि कंदील घेऊन कुंपणाच्या कडेने चालत गेल्यावर फाटकाजवळ गंजलेल्या जोडावर बारीक निळसर ठिणगी उडताना दिसली. कुंपणातून जाणारा झटका स्वतः फारसा त्रास देत नाही. त्रास देते ती सैल जोडावर, तडकलेल्या इन्सुलेटरवर किंवा तारेला टेकलेल्या ओल्या वेलीवर उडणारी ठिणगी. त्यामुळे मशीन बदलण्याआधी सगळे जोड घासून घट्ट करावेत, तारेखालचे गवत कापावे, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. कुंपणावर काम करताना मशीन बंद असल्याची खात्री करून घ्यावी.

जागा ठरवताना एक नियम कोणत्याही सबबीखाली मोडू नये. वरून जाणाऱ्या वीजवाहिनीपासून खांबाचे अंतर खांब आणि अँटेना यांच्या एकूण उंचीच्या किमान दीडपट असावे, म्हणजे 12 मीटर उंचीसाठी किमान 18 मीटर. खांब उभा करताना किंवा वादळात कोसळला, तरी त्याचे टोक तारेपर्यंत पोहोचता कामा नये. अँटेनाची तार वीजवाहिनीच्या वरून किंवा खालून कधीही ओढू नये.

पहिली अँटेना: उलटा व्ही

नवशिक्याने पहिल्याच दिवशी मोठा मनोरा मनात आणू नये. 7 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी एकाच खांबावर टांगलेला उलट्या व्ही आकाराचा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली दोन समान भुजांची तार, ही माझ्या मते शेतासाठीची सर्वांत समंजस सुरुवात आहे, कारण त्याला एकच उंच आधार लागतो आणि बाकी सगळे तार-दोरीत भागते. अर्धतरंग (अर्ध्या तरंगलांबीइतक्या) डायपोलची मीटरमधली लांबी काढण्यासाठी 143 ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागावे. 7.1 मेगाहर्ट्झसाठी उत्तर 20.14 मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे 10.07 मीटर.

खांब 10 मीटरचा धरला आणि दोन भुजांमधला कोन 120 अंश ठेवला, तर भुजांची टोके जमिनीपासून सुमारे 5 मीटरवर आणि खांबापासून आडवी पावणेनऊ मीटरवर येतात. ही 5 मीटरची उंची महत्त्वाची आहे. प्रसारण चालू असताना डायपोलच्या टोकांवर विद्युतदाब सर्वाधिक असतो, त्यामुळे ती माणसाच्या किंवा जनावराच्या आवाक्यात येता कामा नयेत. शिवाय मळणीयंत्र किंवा भरलेली ट्रॉली अडकण्याचा धोकाही असतो. शेतातल्या सर्वांत उंच यंत्राची उंची टेपने मोजावी आणि ज्या वाटेने ते जाते, त्या वाटेवर तार किंवा तिची दोरी येऊ देऊ नये. भुजांमधला कोन 90 अंशांपेक्षा कमी करू नये, नाहीतर दोन्ही बाजूंचे प्रवाह एकमेकांना मारक ठरतात.

10 मीटर ही 7 मेगाहर्ट्झवर फक्त पाव तरंगलांबी आहे. इतक्या उंचीवरची अँटेना बरीचशी ऊर्जा वर फेकते, आणि आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतलेली ती लहर दिवसा काही शे किलोमीटरच्या परिघात उत्तम पोहोचते. दूरच्या खंडांशी बोलायचे असेल तर 20 मीटरच्या आसपास उंची लागते. ती पुढे गाठता येईल. आधी जवळच्या परिघात रोज भरवशाने बोलता येणे ही मोठी गोष्ट आहे.

खांब जस्तलेपित किंवा ॲल्युमिनियमच्या नळीचा घ्यावा आणि त्याला दोन उंचींवर, तीन दिशांना समान कोनात ताण, म्हणजे खांब सावरणाऱ्या दोऱ्या, द्यावेत. ताणांच्या खुंट्या खांबापासून त्याच्या उंचीच्या 60 ते 80 टक्के अंतरावर, म्हणजे 10 मीटरच्या खांबासाठी 6 ते 8 मीटरवर असाव्यात. दोरी उन्हाला टिकणारी पॉलिएस्टरची असावी. नायलॉन भिजल्यावर लांबते आणि ताण ढिला पडतो. चिकण मातीत एक अडचण हमखास येते: ओली असताना ती खुंटी सोडते आणि वाळल्यावर भेगाळून तिच्याभोवती पोकळी करते. म्हणून अशा जमिनीत खुंटी नुसती ठोकून न ठेवता खड्ड्यात काँक्रीट भरून बसवावी. ताणांच्या खालच्या 2 मीटरवर पिवळी प्लास्टिकची नळी चढवावी, म्हणजे अंधारात माणूस अडखळत नाही. गुरे ताणाला अंग घासतात आणि एका मोसमात गाठ सैल करतात. त्यामुळे खुंट्यांभोवती छोटे कुंपण घातलेले चांगले. खांब वारा नसलेल्या दिवशी, किमान तिघांनी मिळून उभा करावा.

तार कापताना ती सुरुवातीला मुद्दाम लांब ठेवावी. समजा एकूण 20.8 मीटर तार लावली आणि अँटेना ॲनालायझर या मोजणी-यंत्रावर सर्वांत कमी एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळते ते सांगणारा आकडा; जितका कमी तितका चांगला) 6.9 मेगाहर्ट्झला मिळाला. हवी असलेली वारंवारता 7.1 आहे, म्हणून 20.8 ला 6.9 ने गुणून 7.1 ने भागावे, उत्तर 20.2 येते, म्हणजे प्रत्येक टोकाला 30 सेंटिमीटर कमी करायचे. इथे पक्कड उचलू नये. जास्तीची तार टोकाकडून मागे दुमडून स्वतःभोवतीच गुंडाळावी, पुन्हा मोजावे, आणि दोन-तीन दिवस आकडा स्थिर राहिला तरच कापावे. ओल्या आणि कोरड्या जमिनीवर हा आकडा थोडा सरकतो.

जिथे केबल अँटेनाला मिळते, तिथे 1:1 चोक, म्हणजे केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा भाग, बसवावा. 31 क्रमांकाच्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) कड्यावर त्याच केबलचे 10-12 वेढे दिले तरी काम होते. हा चोक नसेल तर केबलचे बाहेरचे आवरणच अँटेना बनते आणि घरातल्या चार्जरचा, दिव्यांचा कोलाहल थेट संचात आणून सोडते. एवढी शांत जागा निवडून तो दरवाजा उघडा ठेवण्यात अर्थ नाही.

केबल, वीज आणि अर्थिंग

शेतघर आणि खांब यांच्यात बऱ्याचदा 50-60 मीटरचे अंतर असते, आणि तिथे स्वस्त केबल महाग पडते. 7 मेगाहर्ट्झवर आरजी-58 या पातळ केबलच्या 60 मीटरमधून 100 वॅट सोडले तर अँटेनापर्यंत सुमारे 58 वॅट पोहोचतात. आरजी-213 या जाड केबलमधून सुमारे 80. त्याच आरजी-58 वर 145 मेगाहर्ट्झ चालवले तर 100 पैकी जेमतेम 6 वॅट उरतात. म्हणून खर्चाची विभागणी करताना संचावर थोडे कमी आणि केबलवर थोडे जास्त खर्च करावे, असे माझे ठाम मत आहे. केबल शेत कापून आडवी नेऊ नये. बांधाच्या कडेने, नांगराच्या फाळाच्या खाली पोहोचेल इतक्या खोलीवर, जाड पाइपमधून न्यावी. पाइपची दोन्ही तोंडे घट्ट बंद करावीत, कारण उंदीर केबलचे आवरण कुरतडतात आणि आत शिरलेले पाणी तांब्याची जाळी काळी करते. पुरलेल्या मार्गाचा नकाशा घरात लावून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी चर खणणाऱ्याला तो दाखवता येतो.

संच 13.8 व्होल्टवर चालतो. 100 वॅटचा संच ऐकताना सुमारे 1 अँपिअर, तर बोलताना 20 अँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. बॅटरी 5 मीटर दूर ठेवून 2.5 चौरस मिलिमीटरची तार वापरली, तर जाण्या-येण्याच्या 10 मीटर तारेत 20 अँपिअरला जवळपास दीड व्होल्ट गळतो आणि आवाज फाटतो. 10 चौरस मिलिमीटरच्या तारेत ही गळती 0.4 व्होल्टच्या आत राहते. बॅटरीच्या अगदी जवळ, दोन्ही तारांवर फ्यूज असावा. संध्याकाळी 4 तास संच चालवला आणि त्यातला एक तास बोलण्यात गेला, तर बोलतानाचा सरासरी प्रवाह 8 अँपिअर धरून साधारण 11 अँपिअर-तास खर्च होतात. 100 अँपिअर-तासाची शिसे-आम्ल बॅटरी निम्मीच वापरायची असे धरले तरी 4 संध्याकाळी निघतात. 100 वॅटचे सौर पॅनेल ही भरपाई सहज करते. मात्र सौर चार्ज कंट्रोलर स्वतःच कोलाहल करू शकतो, म्हणून विकत घेण्याआधी तो चालू असताना शेजारी रेडिओ लावून ऐकावा, किंवा रात्री पॅनेलची जोडणी तोडून बॅटरीवरच बसावे.

मोकळ्या शेतातला उंच खांब विजेला आमंत्रण देतो, हे गंभीरपणे घ्यावे. खांबाच्या पायथ्याशी सुमारे 2.4 मीटर लांबीची तांब्याचा मुलामा असलेली कांब ठोकावी. एकापेक्षा जास्त कांबी असतील तर त्यांच्यात लांबीच्या दुप्पट अंतर ठेवावे. केबल भिंतीतून आत येते तिथे धातूच्या पट्टीवर लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा भाग) बसवून तोही अर्थिंगला जोडावा, आणि घराचे, खांबाचे, संचाचे अर्थिंग जाड तारेने एकमेकांना बांधावे. वेगवेगळी अर्थिंग सुटी ठेवली तर वीज पडताना त्यांच्यातला विद्युतदाबाचा फरक संचातून वाट काढतो. ही जोडणी वीजतंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी. एवढे करूनही ढग गडगडू लागण्याआधीच केबल संचातून काढून घराबाहेर ठेवावी.

जे फक्त शेतातच शक्य आहे

केंद्र वर्षभर नीट चालले की बेव्हरेज अँटेना जरूर करून पाहावी. हॅरल्ड बेव्हरेज यांना 1921 मध्ये जिचे पेटंट मिळाले, ती ही केवळ ऐकण्यासाठीची अँटेना म्हणजे जमिनीपासून 2-3 मीटरवर सरळ रेषेत ओढलेली एक लांबच लांब तार. 1.8 मेगाहर्ट्झसाठी तिची लांबी किमान एक तरंगलांबी, म्हणजे सुमारे 160 मीटर असावी. दूरच्या टोकाला साधारण 450 ओहमचा रोधक लावून तो जमिनीतल्या कांबेला जोडतात, आणि जवळच्या टोकाला 9:1 ट्रान्सफॉर्मरमधून 50 ओहमची केबल निघते. ती रोधकाच्या दिशेने येणारे आवाज ऐकते आणि मागून येणारे बरेचसे टाळते. सरळ बांधाची लांबी असेल तर तीच तिची जागा. झटका कुंपणाला समांतर मात्र तिला नेऊ नये, आणि वाटेवरून जाताना तिची उंची यंत्रांच्या वर नेलीच पाहिजे. ज्या मोसमात शेत रिकामे असते, तेव्हाच ती ओढावी आणि पेरणीआधी गुंडाळून ठेवावी.

पहिल्या प्रसारणाआधी तासभर नुसते ऐकावे, वापरायची वारंवारता मोकळी आहे का ते विचारावे, आणि कमी शक्तीने कॉल साइन देऊन सुरुवात करावी. केंद्राच्या वहीत संपर्कांसोबत रिकाम्या वारंवारतेवर एस-मीटरने (संचावरच्या, येणाऱ्या लहरीची तीव्रता दाखवणाऱ्या मापकाने) दाखवलेला कोलाहल आणि त्या दिवशीचा एसडब्ल्यूआरही लिहावा. पुढे एखाद्या महिन्यात कोलाहल अचानक दोन अंकांनी चढला, तर वही उघडून तारीख पाहावी आणि त्या सुमारास शेतात कोणता नवा पंप, दिवा किंवा कुंपण आले ते शोधावे. एसडब्ल्यूआर हळूहळू वाढत असेल तर केबलच्या जोडात पाणी गेले आहे असे समजून आधी तोच उघडावा, आणि वादळी मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक ताण हाताने ओढून पाहावा.