लेख परत आला, आता मुलाखतीचं काय करायचं?

साभार परत आलेला लेख मथळा बदलून लगेच दुसऱ्या पुरवणीला पाठवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. नागपुरात पुरवण्या पाहणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची असतात.

आधी नकार लेखी घ्या. "जागा झाली की लावू" हा नकार नव्हे. अमुक तारखेपर्यंत कळवलं नाही तर लेख दुसरीकडे देतो, असा मेल टाका. नोकरीत नसलेल्या लेखकाचे हक्क लेखी सहीशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसंच सांगतो. करारावर सही केली असेल, तर तो आधी वाचा.

खरी कठीण पायरी पुढची. ज्यांनी मुलाखत दिली, त्यांना पुन्हा विचारायचं. बहुतेक जण हीच टाळतात, आणि मला याचाच राग येतो. माणूस एका पेपरसाठी बोललेला असतो. तेच बोलणं दुसऱ्या विषयाखाली, दुसऱ्या नावाच्या अंकात दिसलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि त्या मोहल्ल्यात पुढे कुणी दार उघडत नाही.

फोनवर आडवळण नको. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीतून नेतात तो मोठा पुतळा. तो बनवणाऱ्या एका कारागिराला मी सरळ म्हटलं, "भाऊ, तो लेख छापून नाही आला. मिरवणुकीवर नाही, आता तुमच्या कामावर लिहितो. चालेल का?" पलीकडून उत्तर आलं, "लिहा नं. पण माह्या पोराचं नाव नका टाकू." पहिल्या मुलाखतीत पोराचं नाव त्यांनी हौसेनं सांगितलं होतं. न विचारता छापलं असतं तर? म्हणून प्रत्येक नाव, प्रत्येक रक्कम, घरातली प्रत्येक गोष्ट पुन्हा वाचून दाखवा. नाही म्हणाले तर तेवढा भाग सोडा. गयावया करू नका. "ऑफ द रेकॉर्ड" सांगितलेलं लेख बदलला तरी तसंच राहतं.

मग जुना लेख बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐका. परत आलेल्या लेखात काळी मारबत १८८१ ची, पिवळी १८८५ ची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गर्दी, हेच होतं. ते दरवर्षी सगळेच छापतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र श्रावणातल्या दमट हवेत बांबूच्या सांगाड्यावर चिकटवलेला कागद वाळतच नाही, रात्रभर पंखा लावून बसावं लागतं, ही सगळी कटकट होती. नवा लेख तिथूनच सुरू झाला.

नवा लेख कोऱ्या पानावर लिहा. जुन्यातला परिच्छेद उचलू नका.

पाठवताना संपादकांना स्पष्ट कळवा: मुलाखत कधी घेतली, आधीचा लेख अप्रकाशित आहे, परवानगी नव्यानं घेतली आहे. दर आणि मजुरीचे आकडे त्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्या. दिवाळी अंकाला द्यायचं असेल तर पोळ्यानंतर हालचाल करून उपयोग नाही, बहुतेकांचा मजकूर पावसाळ्यातच ठरतो. उशीर झाला असेल तर लेख पुढच्या वर्षासाठी ठेवा आणि तेव्हा कारागिराला आणखी एकदा फोन करा.