एपीआयच्या उत्तरात आतल्या ऑब्जेक्टची नको ती फील्ड्स येतात? या चुका टाळा

ऑर्डरच्या सिरीयलायझरमध्ये (डेटाबेसमधला ऑब्जेक्ट जेसनमध्ये बदलणाऱ्या क्लासमध्ये) फील्ड्सची यादी नीट दिली आहे, तरी उत्तरात ग्राहकाचा पासवर्ड हॅश दिसतोय. अशा वेळी ऑर्डरची यादी पुन्हा पुन्हा तपासून हाती काही लागत नाही. ती यादी फक्त वरच्या पातळीची असते. आतल्या ऑब्जेक्टला, म्हणजे इथे ग्राहकाला, ती लागू होत नाही.

पायथॉनच्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये याला बहुतेकदा 'डेप्थ' (जोडलेले ऑब्जेक्ट किती पातळ्यांपर्यंत उलगडायचे ते ठरवणारा पर्याय) जबाबदार असतो. सिरीयलायझरच्या मेटा क्लासमध्ये डेप्थ १ लिहिलं की ग्राहकाच्या आयडीऐवजी अख्खा ग्राहक येतो. मात्र त्यासाठी फ्रेमवर्क तुम्ही लिहिलेला ग्राहकाचा सिरीयलायझर वापरत नाही. ते स्वतःच एक बनवतं, आणि तोही 'सगळी फील्ड्स' या हिशेबाने. ग्राहक म्हणजे जँगोचं यूजर मॉडेल असेल तर पासवर्ड हॅश, ईमेल, सुपरयूजरचा फ्लॅग, सगळंच बाहेर. उद्या कुणी मॉडेलमध्ये नवं फील्ड घातलं की तेही न विचारता उत्तरात. चाचणीपुरता डेप्थ चालेल, प्रॉडक्शनमध्ये मी तो ठेवणार नाही. त्याऐवजी आयडी आणि नाव एवढंच देणारा छोटा सिरीयलायझर लिहून तो ऑर्डरमध्ये बसवा.

डेप्थचा दुसरा फटका लिहिताना बसतो. ही आतली फील्ड्स फक्त वाचण्यापुरती असतात, त्यामुळे नवी ऑर्डर बनवताना पोस्ट रिक्वेस्टमध्ये पाठवलेला ग्राहकाचा आयडी गुपचूप गाळला जातो आणि एरर येते ती थेट डेटाबेसकडून, ग्राहक रिकामा असल्याची. उपाय म्हणजे दोन फील्ड्स: वाचायला आतला सिरीयलायझर, रीड-ओन्ली करून, लिहायला प्रायमरी-की रिलेटेड फील्ड (फक्त आयडी घेणारं), राइट-ओन्ली करून आणि त्याचा सोर्स ग्राहकाकडे वळवून.

जावात जॅक्सन (ऑब्जेक्टचं जेसन करणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं. ऑर्डरमध्ये ग्राहक, ग्राहकात ऑर्डर्स, आणि हा फेरा न संपल्याने शेवटी एरर. घाईत ग्राहकाच्या ऑर्डर्सवर जेसन-इग्नोर हे अ‍ॅनोटेशन लावलं जातं. फेरा तुटतो, पण मग ग्राहकाच्या स्वतःच्या एंडपॉइंटवरही ऑर्डर्स दिसत नाहीत, आणि येणाऱ्या जेसनमधूनही त्या वाचल्या जात नाहीत. त्यापेक्षा ऑर्डर क्लासमधल्या ग्राहक फील्डवर जेसन-इग्नोर-प्रॉपर्टीज लावून त्यात ऑर्डर्सचं नाव द्या. बंदी तेवढ्या जागेपुरतीच राहते. एंडपॉइंट वाढले की मात्र सरळ डीटीओ (उत्तरात जाईल तेवढीच फील्ड्स असलेले वेगळे क्लास) लिहावेत, अ‍ॅनोटेशनच्या जंगलात कोणाचा हुकूम कुठे चालतो हे कळेनासं होतं.

जावाच्याच स्प्रिंग बूट फ्रेमवर्कमध्ये जेसन-व्ह्यू (कोणत्या उत्तरात कोणती फील्ड्स जावीत ते ठरवणारं अ‍ॅनोटेशन) लावल्यावर आतला ऑब्जेक्ट नुसता रिकामा कंस म्हणून आला, तर आतल्या क्लासची फील्ड्स तपासा. व्ह्यू नसलेली फील्ड्स स्प्रिंग बूट गाळतं. साध्या जॅक्सन २ मध्ये नेमकं उलट: व्ह्यू नसलेली फील्ड्सही जातात. म्हणून एका प्रोजेक्टमधला कोड दुसऱ्यात वेगळा वागतो.

'स्क्रीनवर दाखवत नाही ना, मग आलं तर काय बिघडलं?' हा युक्तिवाद तर ऐकूच नका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ते सगळं दिसतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०१९ च्या एपीआय धोक्यांच्या यादीत हा धोका तिसऱ्या क्रमांकावर स्वतंत्र होता. २०२३ च्या यादीत त्याच क्रमांकावर तो मास असाइनमेंटबरोबर (बाहेरून आलेली नको ती फील्ड्सही साठवली जाणं) एकत्र केला आहे.

आतला ऑब्जेक्ट बसवल्यावर यादीचा एंडपॉइंट मंदावला तर दर ऑर्डरमागे वेगळी क्वेरी जातेय का बघा. जँगोत त्यावर जोडलेला डेटा एकदमच आणणारं सिलेक्ट-रिलेटेड किंवा प्रीफेच-रिलेटेड आहे.

टेस्ट लिहिताना 'नाव आहे का' एवढंच पाहिलं तर गळती सापडत नाही. आतल्या ऑब्जेक्टच्या सगळ्या कीजचा संच अपेक्षित संचाशी तंतोतंत ताडून बघा, म्हणजे एक फील्ड जास्त आलं तरी टेस्ट पडेल.