मेळघाटातल्या कोरकू गावात सेवेला राहायचं तर

पावसाळा तोंडावर आला की मोर्शी-तिवसा भागातल्या पोट्ट्यांचे फोन सुरू होतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवामंडळाच्या वातावरणात वाढलेली पोरं ही. पहाटेचं ध्यान, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, खंजिरी, भगवी टोपी. "दादा, मेळघाटात काही महिने राहून सेवा करायची आहे, काय काय न्यावं लागते?" मी विशीत असताना धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासी गावात राहून आरोग्याचं काम केलं. तेव्हाचं आणि नंतर जात-येत राहून कळलेलं इथं लिहून ठेवतो.

एकट्यानं जाऊ नका, जोडीनं जा. एक जण तापानं पडला तर दुसरा परतवाड्यापर्यंत नेऊ शकतो. शिवाय संध्याकाळी दिवसभराचं बोलायला आपलं माणूस लागतंच. परतवाड्याहून धारणीची एसटी घटांग, सेमाडोह, हरिसाल करत जाते. घाट वळणावळणाचा आहे, पोट कच्चं असेल तर सकाळी जड खाऊन बसू नका. सामान थोडं न्या: मच्छरदाणी, चांगली टॉर्च, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, जाड वही. मच्छरदाणी विसरली तर पुढचं काही वाचू नका, आधी ती घ्या.

पोचल्यावर सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटायचं हे कुणी सांगायची गरज नाही. पण त्याच दिवशी भूमकालाही, म्हणजे गावच्या पुजारी-वैदूलाही भेटा. गावाचा देव, दुखणं, पेरणीची पूजा, सगळं त्याच्या हातून होतं. बाहेरून आलेली माणसं त्याला टाळतात आणि मग वर्षभर गाव आपल्याला का टाळतं म्हणून विचारत बसतात. त्याच्या ओसरीवर बसा, तो देईल तो काळा चहा घ्या आणि कशासाठी आलो ते दोन वाक्यांत सांगा. तुमचं काम बाळंतिणी आणि लहान लेकरं यांच्याशी आहे, त्याच्या देवाशी तुमचं भांडण नाही, एवढं त्याला कळलं की पुढे पुष्कळ सोपं जातं.

कोरकू गावाची मांडणी तुम्हाला शिकवेल तसं वागा. मधोमध रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांची ओळ, कुडाच्या सारवलेल्या भिंती, पुढे ओसरी. तुम्ही कुणाकडे गेलात, किती वेळ बसलात, कुणाचं घर वगळलंत, हे सगळ्या ओसऱ्यांवरून दिसतं. म्हणून एका टोकापासून सुरुवात करून घर न चुकवता दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. ज्या घरी कुणी बोलत नाही तिथेही उभं राहून राम राम घालायचा. गवळी, निहाल अशा दुसऱ्या समाजांची घरं असतील तर तीही धरायची.

भाषेचं म्हणाल तर तुमची मराठी तिथे शाळेची भाषा आहे. खंडवा-बऱ्हाणपूर जवळ असल्यामुळे माणसं हिंदीत जास्त मोकळी बोलतात. घरात मात्र कोरकू. ती मुंडा गटातली भाषा आहे, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे अंदाजानं काही कळत नाही. लेकरांकडून शिका. ती हसतात, पण चुकलेला शब्द पुन्हापुन्हा म्हणून दाखवतात. मोठ्यांना तेवढा धीर नसतो. खोकला, ताप, जुलाब, छाती, दूध, कालपासून, आजपासून, एवढे शब्द पहिल्या आठवड्यातच पाठ करा.

आता प्रार्थनेचं. ती सोडायला मी कधीच सांगणार नाही. पहाटेच्या ध्यानानंच मी तिथे टिकलो. पण पहिले काही महिने ती तुमच्या खोलीत, तुमच्यापुरती. गावाला बोलावू नका, येतो म्हणणाऱ्याला अडवू नका. खंजिरी वाजली की पोरं आपोआप येतात. राष्ट्रसंतांनी हिंदीतही भरपूर भजनं लिहिली आहेत, ती म्हणा, लोकांना कळतात. आणि कोरकूंच्या गादली-सुसून नाचाला बोलावलं तर जाऊन रांगेत उभे राहा. पाय चुकले तरी कुणी रागवत नाही, न गेल्याचं मात्र लक्षात राहतं.

वेळापत्रक घरून बनवून नेऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात तेव्हा उजाडायच्या आधीच बायामाणसं टोपल्या घेऊन रानात असतात. तेव्हा सकाळी सात वाजता सभा ठेवणारा सेवक रिकाम्या रस्त्याशी बोलतो. त्यांच्याबरोबर जा, पण आवाज करत जा, पुढे एकटे होऊ नका. त्या वासानं अस्वलंही येतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करायची रीत आहे आणि त्यातून वणवा लागतो. खराटा घेऊन पाचोळा बाजूला सारायला स्वतः लागलात तर शेजारच्या झाडाखालीही तसंच होताना मी पाहिलं आहे. ग्रामसफाईचं भाषण न देता झालेली ग्रामसफाई ती हीच.

बाजाराच्या दिवशी घरोघरी फिरू नका, बाजारातच जा. तिथे अख्ख्या पंचक्रोशीची खबर मिळते.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो जून ते सप्टेंबर. घरातलं धान्य संपत आलेलं, आई दिवसभर निंदणीला, लेकरू मोठ्या बहिणीच्या कडेवर, आणि ओढे भरलेले. ह्या दिवसांत रोज फेरी झालीच पाहिजे. तीन गोष्टी नीट शिकून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून शिका.

पहिली, दंडाची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांचं लेकरू, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर. पट्टी टेकली पाहिजे, आवळली नाही पाहिजे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते अतितीव्र कुपोषण. त्याच दिवशी अंगणवाडी ताईला आणि आशाला सांगायचं. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खळगा राहतो का तेही बघायचं. सुजलेलं लेकरू गुटगुटीत दिसतं, तिथे डोळा फसतो.

दुसरी, श्वास मोजणं. खोकला आहे म्हटलं की हे करायचंच. लेकरू शांत हवं, रडत असताना मोजू नका. आईच्या मांडीवर पाजून झालं, डोळे मिटत आले की झबलं वर करायला सांगा. घड्याळ पोटाच्या शेजारी धरा, म्हणजे काटा आणि पोट एकाच नजरेत येतात. एक वर आणि एक खाली मिळून एक श्वास. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त आले तर न्यूमोनियाचा संशय, दवाखाना. आणि आकडा काहीही येवो, बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, लेकरू पाजलं तरी पीत नसेल, तर उजाडायची वाट बघायची नाही. १०२ किंवा १०८ ला फोन लावा. रेंज कोणत्या टेकाडावर येते ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, रात्री शोधत फिरू नका.

तिसरी, जुलाब. ओआरएसची पाकिटं संपली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. आईच्या हातून करून घ्या आणि अंगावरचं दूध चालूच ठेवायला सांगा.

ह्याच दिवसांत एखाद्या घरी बाळाचं पोट फुगलेलं दिसेल आणि डम्मा द्यायचं बोलणं चालू असेल, म्हणजे तापल्या लोखंडानं पोटावर चटके. इथे ओरडू नका. आजी ते प्रेमापोटी करायला निघालेली असते. तिच्याजवळ बसा, बाळ मांडीवर मागा, पोट आणि श्वास बघा आणि "चलो, मैं साथ में आता हूँ, अभी" असं म्हणून उठा. नुसतं "घेऊन जा" म्हणाल तर कुणी जाणार नाही. भूमकाशी पहिल्या दिवशी घेतलेला चहा इथे कामी येतो. तो म्हणाला, "ले जाओ," की आजी तयार होते. आमच्या गावात असं झालेलं आहे, आणि ते बाळ आज शाळेत जातं.

दारूचं काय करायचं, हे सेवामंडळाची पोरं हटकून विचारतात. मोहाची दारू तिथे देवाला चढते, लग्नात आणि मौतीतही लागते. तुमच्यापुढे आली तर हात जोडा, "मेरा नियम है" म्हणा आणि पाणी मागून घ्या. नियम पाळणाऱ्याला कोरकू माणूस मान देतो. पूजेच्या जागी व्यसनमुक्तीवर बोलायचं नाही. ते बोलणं वेगळ्या दिवशी, त्या घरच्या बाईनं विषय काढला तर, आणि नवरा शुद्धीत असताना दोघांसमोर.

दिवाळीनंतर गाव मजुरीसाठी बाहेर पडू लागतं. कुलूप दिसलं की पुढच्या घराकडे वळू नका. शेजाऱ्याकडून कुठे गेले, कुणाबरोबर, कोणती बाई किती महिन्यांची पोटुशी, कोणत्या लेकराची लस राहिली, हे लिहून घ्या. होळीला सगळे परततात. मेघनाथाच्या पूजेचा खांब, फगवा म्हणजे होळीचे पैसे मागणं, चार-पाच दिवस गाव भरलेलं असतं. तेव्हा आशाताईबरोबर ओसरी-ओसरीवर जाऊन यादी पुरी करायची. फगवा मागायला पोरीबाया रस्ता अडवतील, खिशात सुटे पैसे ठेवा.

निघायच्या महिनाभर आधी वहीची नक्कल करा. एक आशाताईला, एक तुमच्या जागी येणाऱ्या जोडीला. घरांचा क्रम रस्त्याच्या ओळीनं ठेवा, नावांच्या अकारविल्हे नको. प्रत्येक घरापुढे लहान लेकरांचे दंडाचे शेवटचे आकडे, तारीख, पोटुशी बाई असेल तर तिचा महिना, आणि त्या घरात कुणाचं ऐकलं जातं ते नाव.